बियरचा उरलेला चोथा कुत्र्याला द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सिएटलला घरच्या गॅरेजमध्ये तुम्ही अधूनमधून पाच गॅलनची बियर करता. दर खेपेला बादलीभर धान्याचा चोथा उरतो आणि तुमचा ७ वर्षांचा, ३२ किलोचा लॅब्राडोर ब्रूनो त्या बादलीभोवती घुटमळत राहतो. चोथा त्याला तसाच दिला तर चालेल का? त्याची बिस्किटं करतात ती बरी का? आणि पुण्यात तुमच्या भावाला एका ब्रूपबमधून (बियर जागेवरच करून विकणाऱ्या पबमधून) असाच चोथा फुकट मिळतो, तो त्यानं आपल्या गावठी कुत्रीला घालावा का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. हॉप्स (बियरला कडवटपणा आणणारी वेलीची फुलं) न लागलेला ताजा चोथा विषारी नाही. वाळवून, भाजून, बिस्किटातून थोडा पोटात गेला तर ब्रूनोला काही होणार नाही. हॉप्स लागलेला चोथा मात्र चमचाभरसुद्धा नको. भावाच्या पिशवीबद्दल माझं उत्तर ‘विचारल्याशिवाय नाही’ असं आहे, ते का ते शेवटी येईल. तुम्ही विचारलंय चोथ्याबद्दल, पण मी निम्मं बोलणार आहे हॉप्सबद्दल. तुम्ही हातानं जे भरवाल त्यापेक्षा ब्रूनो तुमच्या पाठीमागे कचऱ्यातून जे ओढून काढेल, त्याची मला जास्त धास्ती आहे. मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो आणि आता बरीच वर्षं ओरेगनमध्ये रात्रपाळीच्या इमर्जन्सी दवाखान्यात काम करतो. बियर स्वतःही करतो. त्यामुळे बादलीच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत.

तुम्हाला कृती माहीत आहे, पण एकदा कुत्र्याच्या अंगानं ती पुन्हा बघू. पाच गॅलनला, म्हणजे १९ लिटरला, आपण साधारण साडेचार ते साडेपाच किलो भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, घेतो. ते ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतो, याला मॅश म्हणतात. या तासात धान्यातल्या पिठाची साखर होते. मग गोड पाणी गाळून मोठ्या पातेल्यात घेतो आणि खाली चोथा राहतो. इथपर्यंत हॉप्सचा कुठेही संबंध आलेला नाही. पातेलं उकळायला लागलं की हॉप्स पडतात, ते तासभर उकळतात, काही शेवटी आच बंद केल्यावर टाकतात. उकळून झाल्यावर पातेल्याच्या तळाला जो हिरवट-तपकिरी गाळ बसतो त्यात हॉप्स असतात. आंबवण झाल्यावर पुन्हा कोरडे हॉप्स घातले असतील तर यीस्टच्या थरात तेही मिसळून तळाला जातात.

म्हणजे नेहमीच्या पद्धतीत चोथा हॉप्सच्या आधीच बाजूला झालेला असतो. ही जमेची बाजू. पण याला अपवाद आहेत आणि ते तुमच्या घरात आहेत का ते तुम्हीच तपासायचं. काही जण मॅशमध्येच हॉप्स टाकतात, विशेषतः न उकळता केलेल्या बियरमध्ये किंवा हल्लीच्या गढूळ आयपीएमध्ये (आयपीए म्हणजे भरपूर हॉप्सची बियर). तो चोथा सरळ बाद. पिशवीत धान्य बांधून एकाच पातेल्यात सगळं करायची पद्धत असेल तर पिशवी हॉप्सच्या आधी निघते खरी, पण तीच पिशवी पुढे हॉप्स गाळायलाही वापरली जाते, आणि पुढच्या खेपेला तिच्या शिवणीत मागच्या वेळचे हॉप्स अडकलेले असतात. धान्याची पिशवी आणि हॉप्सची पिशवी वेगळी ठेवा, रंगानं ओळखू येईल अशी.

सगळ्यात जास्त घोटाळा मात्र साफसफाईच्या वेळी होतो. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, पाय दुखत असतात, पातेल्याच्या तळाचा गाळ कुठेतरी ओतायचा असतो, आणि समोर चोथ्याची बादली असते. ओतला. झालं. त्या क्षणी पाच किलो निरुपद्रवी चोथा विषारी झाला. सकाळी घरातलं दुसरं कोणी त्यातून वाटीभर कुत्र्याला घालतं, कारण ‘धान्यच तर आहे’. हॉप्सच्या बाधेची बरीच कुत्री आमच्याकडे येतात ती अशा बादलीतून, नाहीतर कंपोस्टच्या ढिगातून. जाणूनबुजून कोणीच हॉप्स भरवत नाही.

आता हॉप्स कुत्र्याला करतात काय. अमेरिकेत घरी बियर करायला केंद्र सरकारची मोकळीक १९७८ च्या कायद्यानं मिळाली, त्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची सही आहे. छंद पसरला तसा त्याचा कचराही घरोघरी पसरला. १९९७ साली अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पाच कुत्र्यांची हकीकत छापून आली. सगळ्यांनी घरगुती बियरमधले वापरलेले हॉप्स खाल्ले होते, सगळ्यांचा ताप बेफाम चढला आणि पाचातली बहुतेक वाचली नाहीत. त्यात ग्रेहाउंड जास्त होते. या लक्षणसमूहाला ‘मॅलिग्नंट हायपरथर्मियासारखी’ प्रतिक्रिया म्हणतात. माणसांमध्ये आणि डुकरांमध्ये भुलीच्या काही औषधांनी जो प्रकार होतो, तसाच हा दिसतो.

स्नायू आकुंचन पावायला पेशीच्या आत कॅल्शियम सुटावं लागतं, आणि काम झालं की ते परत साठ्यात जावं लागतं. या विकारात ते सुटतच राहतं. स्नायू सैल पडत नाहीत, ऊर्जा जळत राहते, आणि जळणारी ऊर्जा उष्णता होऊन अंगात साठते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, त्याच्याकडे मुख्य उपाय धाप टाकण्याचा. धाप टाकायलाही स्नायूच लागतात. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. हॉप्स खाल्लेलं कुत्रं आमच्याकडे येतं तेव्हा ते ४१-४२ च्या पुढे गेलेलं असू शकतं. तिथून पुढे रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते, मूत्रपिंडं बसतात, झटके येतात. हॉप्समधला नेमका कोणता घटक हे करतो ते विज्ञानानं अजून ठरवलेलं नाही. राळ, कडू आम्लं, सुगंधी तेलं अशा बऱ्याच गोष्टींवर संशय आहे. त्यामुळे ‘इतक्या ग्रॅमपर्यंत चालतं’ असं प्रमाणही कोणी ठरवून दिलेलं नाही. एखादं कुत्रं गाळ खाऊन फक्त ओकतं आणि दुसऱ्या दिवशी टुणटुणीत असतं, दुसरं तितकाच खाऊन चार तासांत आडवं होतं. पहिल्याच्या मालकाचा अनुभव ऐकून निर्धास्त होऊ नका.

‘तासभर उकळल्यावर काय शिल्लक राहणार त्यात?’ हे मला प्रत्येक बियरवाला विचारतो. शिल्लक राहतं. १९९७ च्या नोंदीतले हॉप्स वापरलेलेच होते. उलट वापरलेले हॉप्स कुत्र्याला जास्त आवडतात, कारण ते गोड पाण्यात भिजून निघालेले असतात. हॉप्सची कोरडी कडू गोळी बहुतेक कुत्री हुंगून सोडून देतात, माल्टच्या पाकातला मऊ लगदा सोडत नाहीत. त्यात हल्लीच्या आयपीएमध्ये पाच गॅलनला दोनशे ग्रॅम हॉप्स घालणं नवलाचं राहिलेलं नाही, म्हणजे गाळही तितकाच जड.

धोक्याच्या जातींच्या याद्यांमध्ये ग्रेहाउंडच्या बरोबरीनं लॅब्राडोर, सेंट बर्नार्ड, पॉइंटर, डॉबरमन, बॉर्डर कॉली आणि जाड केसांच्या उत्तरेकडच्या जाती सापडतात. ब्रूनो त्या यादीत आहे, आणि लॅब्राडोर असल्यामुळे समोर येईल ते गिळण्याच्या यादीत तर पहिलाच. गावठी कुत्री यादीत नाही म्हणून सुरक्षित, असा अर्थ काढू नका. यादी म्हणजे आजवर दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांची नोंद आहे, तिच्याबाहेरचं कुत्रं आजारी पडणार नाही असं ती सांगत नाही.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट. अमेरिकेतले जवळजवळ सगळे हॉप्स वॉशिंग्टन, ओरेगन आणि आयडाहो या तीन राज्यांत पिकतात, आणि हौशी लोक परसातल्या कुंपणावरही वेल चढवतात. ऑगस्ट-सप्टेंबरात ताज्या हॉप्सची बियर करायची लाट येते. तेव्हा पोती भरून हॉप्सचे ओले कोन (फुलं) गॅरेजमध्ये येऊन पडतात. तेही कुत्र्याच्या तोंडापासून लांबच हवेत.

एवढं झाल्यावर चोथ्याकडे येतो. चोथा म्हणजे रस काढून घेतलेल्या उसाचं चिपाड समजा. पिठातली साखर आपण काढून घेतली, मागे राहिली टरफलं, तंतू आणि बरीचशी प्रथिनं. ओल्या चोथ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. पाणी वजा केलं तर सुमारे पाचवा भाग प्रथिनं भरतात, आणि हा आकडा पाहून लोक हुरळतात. पण त्यातलं बरंचसं टरफलाच्या जाळ्यात अडकलेलं असतं आणि कुत्र्याच्या पोटाला ते सोडवून घेता येत नाही.

इथे हमखास येणारा प्रश्न: गायीला चालतं, मग कुत्र्याला का नाही? वाळूज परिसरातल्या बियर कारखान्यांचा चोथा दुभत्या जनावरांना घालतात, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गोठ्यात ऐकायला मिळेल. गायीकडे रवंथाचं मोठं पोट आहे. त्यातले जिवाणू तंतू पचवतात आणि गाय त्या जिवाणूंवर जगते. कुत्र्याकडे अशी सोय नाही. लांडग्यापेक्षा कुत्रं पिष्ट चांगलं पचवतं हे खरं, आणि त्यामागे पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या वाढीव प्रती आहेत हेही २०१३ साली दाखवून झालं आहे. पण पिष्ट तर तुम्ही बियरसाठी काढून घेतलंत. त्याच्या वाट्याला आली टरफलं. थोडी गेली तर शौचाला साफ होतं इतकंच. वाडगाभर गेली तर पोट फुगतं, जुलाब होतात, आणि सातूच्या टरफलांची धारदार टोकं आतड्याला टोचून कधी रक्तही पडतं. लहान कुत्र्यात तर ओल्या तंतूंचा गोळा अडकून बसू शकतो.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये, म्हणजे ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, मला भीती वाटते ती पोट फुगून पीळ बसण्याची. अशा कुत्र्याच्या हाती कोरड्या भरडलेल्या माल्टचं पोतं लागणं हे चोथ्यापेक्षाही वाईट. कोरडं धान्य पोटात पाणी शोषून फुगतं. पोतं झाकणाच्या डब्यात ठेवा, नुसती गुंडाळी घालून नको.

ओल्या चोथ्याचा खरा शत्रू घड्याळ आहे. मॅशमधून निघाला तेव्हा तो गरम, गोडसर, ओला, म्हणजे जिवाणूंना आमंत्रणच. उन्हाळ्यात दुपारी बादलीत ठेवलेला चोथा दुसऱ्या दिवशी आंबट होतो आणि तिसऱ्या दिवशी ओकारीसारखा वास येतो. तो वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. आंबट चोथा कुत्र्याला दिला तर उलट्या-जुलाब ठरलेले. त्यात यीस्ट पडलं असेल, म्हणजे आंबवणीच्या भांड्याचा तळ त्याच बादलीत ओतला असेल, तर पोटाच्या उबेत गॅस आणि अल्कोहोल दोन्ही तयार होतं. कच्चं मळलेलं ब्रेडचं पीठ खाऊन झिंगलेली, पोट तट्ट फुगलेली कुत्री आम्ही पाहतो, तोच प्रकार. माणसाला हसू येतं, पण कुत्र्याची साखर खाली जाते, अंग थंड पडतं, श्वास मंदावतो. हसण्यासारखं त्यात काही नाही.

बुरशीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे सुशिक्षित लोकही फसतात. कंपोस्टच्या ढिगावर टाकलेला चोथा दोन-तीन दिवसांत पांढरा-हिरवा होतो. त्यावरच्या पेनिसिलियम नावाच्या बुरशीच्या काही जाती अशी विषं बनवतात की ती खाल्लेलं कुत्रं थरथरायला लागतं, पाय ताठ होतात, आवाज झाला की दचकतं, आणि पुढे झटके येतात. कंपोस्ट खाऊन आलेलं थरथरणारं कुत्रं ही रात्रपाळीची नित्याची केस आहे, बियरशी संबंध असो वा नसो. दुसरं विष अफ्लाटॉक्सिन, ते यकृतावर जातं, आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार नाजूक. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत अफ्लाटॉक्सिन सापडल्यामुळे कुत्र्यांचं कोरडं खाद्य परत मागवावं लागलं, तेव्हा जानेवारी २०२१ पर्यंत शंभरावर कुत्री दगावल्याची माहिती सरकारी खात्याकडे आली होती. ते खाद्य कारखान्यात तयार झालेलं, बंद पिशवीतलं होतं. तुमच्या बादलीला तर झाकणही नाही. आणि ओव्हनमध्ये भाजून बुरशी मेली तरी तिनं सोडलेलं विष बरंचसं तसंच राहतं. ‘थोडा वास येतोय, पण बिस्किटं भाजणारच आहोत’ हा हिशेब म्हणून चालत नाही. शंका आली की टाकून द्या, आणि टाकताना कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही असं टाका.

धान्याबरोबर आणखी काय पडलं होतं तेही आठवून बघा. चॉकलेट माल्टला घाबरू नका, ते नुसतं गडद भाजलेलं सातू आहे, त्यात कोको नसतो. पण स्टाउट नावाच्या गडद बियरमध्ये कोकोचे तुकडे किंवा कॉफी मॅशमध्येच घातली असेल तर तो चोथा नको. बेदाणे, मनुका नकोत, मॅकेडेमिया नको. आणि भांडी धुण्याची रसायनं, अल्कलीची पावडर असो की निर्जंतुक करायचं आम्लाचं पाणी, त्याची बादली जमिनीवर उघडी ठेवू नका. तहानलेलं कुत्रं ती आधी बघतं.

एवढं ऐकूनही बिस्किटं करायची असतील तर करा, माझी हरकत नाही, मीही करतो. चोथा गाळल्या गाळल्या, पातेल्यात पहिला हॉप पडायच्या आधी, लागेल तेवढा झाकणाच्या डब्यात काढून सरळ फ्रिजमध्ये ठेवा. बाकीच्याचं नंतर काय करायचं ते करा, पण कुत्र्याचा वाटा आधी बाजूला. हा क्रम पाळला की मिसळण्याची भानगडच उरत नाही. दुसऱ्या दिवशी वापरायचा नसेल तर फ्रीझरमध्ये, तारीख घालून. लोक सहसा चार कप चोथ्याला चार कप पीठ, एक कप शेंगदाण्याचं बटर आणि दोन अंडी घेतात. मी पीठ कणकेचं घेतो आणि बटर निम्मं, कारण चरबी जास्त झाली तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि लॅब्राडोरला वजनाचं आधीच ओझं असतं. बटरच्या बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) किंवा ‘बर्च शुगर’ लिहिलेलं नाही ना, हे दर खरेदीला वाचा. ते कुत्र्याला मारू शकतं, आणि ब्रँड तोच असला तरी साखर नसलेल्या प्रकारात ते असू शकतं. मीठ, कांदा, लसूण पूड यांचं इथे काही काम नाही.

पातळ लाटून, छोटे तुकडे कापून १७५ अंशांवर अर्धा तास भाजा. हा अर्धा टप्पा आहे, इथे थांबू नका. नंतर ओव्हन ११० च्या आसपास आणून बिस्किटं आठ-दहा तास पूर्ण कोरडी होऊ द्या. चोथा आतून फार पाणी धरून ठेवतो. वरून खुसखुशीत आणि आतून दमट असलेलं बिस्किट चार दिवसांत बुरशी धरतं. मधोमध मोडून बघा, कट्‌कन तुटलं पाहिजे. वाकलं तर परत आत. तरीही सगळी बाहेर ठेवू नका. आठवड्याची बरणीत, बाकीची फ्रीझरमध्ये.

किती द्यायची? ब्रूनोच्या वजनाच्या नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,३०० ते १,५०० कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि त्यात दिवसभरात तुमच्या ताटाखाली पडणारं सगळं धरायचं. दहा ग्रॅमचं एक बिस्किट ३५ ते ४० कॅलरी धरा, म्हणजे दिवसाला तीन पुरेत. पहिल्यांदा अर्धंच द्या आणि दोन दिवस शौच कशी होते ते बघा. आधी स्वादुपिंडाचा त्रास झालेला असेल, मधुमेह असेल, गव्हा-सातूची पोटाची तक्रार असेल (आयरिश सेटर जातीत ती आनुवंशिक असते), तर देऊच नका. आणि हे ‘पौष्टिक’ म्हणून देऊ नका. बियरवाल्याचा कचरा कमी होतो आणि कुत्र्याला कुरकुरीत काहीतरी मिळतं, एवढाच त्यातला लाभ.

आता, सगळी काळजी घेऊनही ब्रूनोनं हॉप्सचा गाळ खाल्ला तर. लक्षणांची वाट बघू नका. ती अर्ध्या तासात दिसू शकतात, आठ तासांनीही दिसू शकतात, आणि दिसायला लागल्यावर आपल्याकडचा वेळ झपाट्यानं संपतो. ताबडतोब इमर्जन्सी दवाखान्याला फोन करा आणि निघा. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेसाठी दोन मोठ्या हेल्पलाइन आहेत, एक एएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेची आणि दुसरी पेट पॉइझन हेल्पलाइन. फी लागते, पण तिथल्या तज्ज्ञाशी तुमचा डॉक्टर थेट बोलू शकतो. दोन्ही नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. हॉप्सचं पाकीट किंवा त्याचा फोटो बरोबर घ्या आणि किती ग्रॅम घातले होते ते सांगा.

खाऊन थोडाच वेळ झाला असेल आणि कुत्रं शांत असेल तर आम्ही ओकारी काढतो. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं मिठाची विषबाधा होते. हायड्रोजन पेरॉक्साइडही डॉक्टरनं फोनवर सांगितल्याशिवाय नको. धाप लागलेल्या, तापलेल्या, अस्वस्थ कुत्र्याला ओकवायचा प्रयत्न तर मुळीच नको, ओकलेलं फुप्फुसात जातं. ताप आला म्हणून क्रोसिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. हा ताप त्या औषधांनी उतरणारा नाही, आणि औषधं यकृताची किंवा मूत्रपिंडाची वाट लावतात ती वेगळी. अंग तापलं असेल तर साध्या गार पाण्यानं पोट, काखा, पंजे भिजवा, गाडीत एसी पूर्ण सोडा, पंख्याचा झोत द्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. दवाखान्यात आम्ही ३९.४ च्या आसपास आलो की गार करणं थांबवतो, नाहीतर पारा उलट्या दिशेनं घसरत जातो. सलाईन चालू असतं, झटक्यांवर औषध असतं, आणि स्नायूंमधलं कॅल्शियम सुटणं रोखणारं डॅन्ट्रोलीन नावाचं औषध असतं. ते महाग आहे आणि प्रत्येक दवाखान्यात नसतं. फोन करतानाच ‘डॅन्ट्रोलीन आहे का?’ विचारा. नसेल तर कुठे आहे ते त्यांना माहीत असतं, त्यातला अर्धा तास वाचतो.

आता तुमचा भाऊ. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत घरच्या बादलीचा प्रश्न नाही. ब्रूपबचा मात्र आहे. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी (छोटा बियर कारखाना) पुण्यातच २००९ साली सुरू झाली आणि आता तिथे चोथ्याला तोटा नाही. गंमत अशी की बियर करण्याच्या शास्त्राप्रमाणे बघितलं तर घरच्यापेक्षा व्यावसायिक ठिकाणचा चोथा कुत्र्यासाठी जास्त संशयास्पद आहे. उकळून झाल्यावरचा हॉप्सचा गाळ मोठ्या ब्रुअरीत पुष्कळदा परत चोथ्यावरच ओतला जातो, कारण त्यात प्रथिनं असतात आणि एकाच गाडीतून सगळं गोठ्याला जातं. जनावरांना त्यानं काही होत नाही. कुत्र्याला होतं. देणाऱ्या पोऱ्याला हे माहीत असेलच असं नाही, तो प्रामाणिकपणे ‘फक्त बार्ली आहे’ म्हणेल.

म्हणून भावानं थेट ब्रूअरला गाठावं, आणि ‘कुत्र्याला चालेल का’ असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर ब्रूअरला येत नाही. विचारायचं ते असं: गाळ किंवा यीस्ट याच पिंपात टाकता का? मॅशमध्ये हॉप्स, कॉफी, कोको काही घातलं होतं का? चोथा किती वाजता काढला? तिन्ही उत्तरं स्वच्छ मिळाली, आणि चोथा मॅशच्या भांड्यातून थेट त्याच्या डब्यात पडणार असेल, तर न्यावा. पण पुण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तीन-चार तासांच्या आत तो फ्रिजमध्ये किंवा ओव्हनमध्ये गेला पाहिजे. स्कूटरच्या डिकीत संध्याकाळपर्यंत राहिलेली पिशवी घरी न्यायचीच नाही. यातलं एकही उत्तर गुळमुळीत आलं, तर ती पिशवी गोठ्यालाच जाऊ दे, आणि कुत्रीला तिची नेहमीची भाकरी आणि उकडलेलं अंडं घालावं.